हँडलवाल्याने डोकं चालवू नये

१

"हेड उतरवलं की इंजिन कसं कवळी काढून ठेवलेल्या म्हातारीसारखं दिसतं, नाही काका?" दीक्षा म्हणाली. आई ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. तिने जिभेने स्वतःची कवळी नीट बसवली.

"माझ्याकडं बघून नको बोलू गो."

दीक्षा माझ्या धाकट्या भावाची, राजेंद्रची मुलगी. महाडला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि बोलण्यात बापावर गेली आहे. गाडीही बापाचीच. पासष्ट सालची फियाट, नाते गावातल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. राजेंद्र गेल्या ऑक्टोबरात गेला. हृदय. जाण्याआधी काही दिवस तो म्हणत होता की चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व जळलाय, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवावं लागेल. ते त्याच्याकडून झालं नाही.

मी महाडच्या कॉलेजात मराठी शिकवतो. लिहितोही. इंजिनातलं मला फारसं कळत नाही, पण मार्च जवळ आला आणि आईने एक दिवस जेवताना विषय काढला.

"यंदा तळ्यावर कोण नेनार मला?"

वीस मार्चला चवदार तळ्यावर मुंगीला शिरायला वाट नसते, म्हणून राजेंद्र तिला आदल्या दिवशी सकाळीच न्यायचा. मागच्या सीटवर उशी, पांढरं लुगडं, तळ्याचं पाणी भरून आणायला हातात स्टीलची बाटली. दरवर्षी. मी रिक्षा आणतो म्हटलं, कॉलेजातल्या एकाची मोटार आणतो म्हटलं.

"राजाच्या गाडीतनं जाईन. नायतर हितनंच हात जोडीन."

गेल्या पावसाळ्यात ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात पुढल्या मार्चचा उल्लेख नव्हता. हे मी दीक्षाला सांगितलं. तिने उठून बापाच्या पान्यांची पेटी बाहेर काढली.

मशीनचं काम महाडच्या वर्कशॉपमध्ये झालं. व्हॉल्व मात्र आम्ही घरी घासले. लाकडी दांडीच्या टोकाला रबरी वाटी असते. ती व्हॉल्वच्या पाठीला चिकटवायची, कडेला करड्या पेस्टचं बोट लावायचं आणि ताकाची रवी फिरवावी तशी दांडी दोन तळव्यांत फिरवायची. खसखस, खसखस. हळूहळू व्हॉल्वच्या काठावर आणि त्याच्या बैठकीवर एकसारखी राखाडी कडी उमटते. तुटक नसली म्हणजे जमलं. मग हेड पालथं घालून खळग्यांत पेट्रोल ओतायचं आणि चहा प्यायचा. चहा होईपर्यंत खाली पाझरलं नाही, तर व्हॉल्व पक्का बसला.

पाझरलं नाही. दीक्षाने पेट्रोलकडे पाहून सॅल्यूट ठोकला. मी इतका हसलो की मलाच दचकायला झालं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच हसत होतो बहुतेक.

२

हेड चढलं, नट क्रमाने आवळले, मग टॅपेट लावायची वेळ आली. प्रत्येक व्हॉल्वच्या डोक्यावर एक छोटा दांडा ठोके देत असतो. त्या दोघांत कागदाएवढी फट ठेवावी लागते. कमी पडली तर व्हॉल्व जळतो, जास्त झाली तर इंजिन टकटक करत राहतं.

हे दोघांचं काम. एक जण बाजूने वाकून पातळ पट्टीने फट मोजतो आणि स्क्रू फिरवतो. दुसरा गाडीच्या पुढे उकिडवा बसून, बंपरच्या भोकात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवतो. या गाडीचं बॉनेट पुढच्या बाजूला उघडतं आणि हँडल मारणाऱ्याच्या तोंडासमोर भिंतीसारखं उभं राहतं. त्याला पलीकडचं काही दिसत नाही. बिजागऱ्यांपाशी बोटभर फट असते तेवढीच. तो कानावर चालतो. पलीकडून "अजून" आलं की फिरवायचं, "बस" आलं की थांबायचं.

राजेंद्रसाठी हे काम मी अनेकदा केलं होतं. त्याचा नियम एकच. "हँडलवाल्याने डोकं चालवू नये, दादा. हात चालवावा." मी मास्तरने स्वतःच्या मनाने थांबायचं-फिरवायचं ठरवलं की राजेंद्रचं बोट चेंगरलंच म्हणून समजा. मला ते काम फार आवडायचं. दिवसभर डोकं चालवणाऱ्या माणसाला तेवढीच सुट्टी.

त्या रविवारी सकाळी प्लग काढलेले होते, त्यामुळे हँडल हलकं होतं. फिरवलं की प्लगच्या भोकांतून हवा फुसफुसायची.

"काका, हळू. हलवा पिळताय का?"

"हलवा पिळतात का कधी?"

"म्हणूनच म्हणते, हळू. अजून. अजून. बस."

मी थांबलो. पलीकडे पाना खणखणला, फटीत पट्टी सरकल्याची करकर ऐकू आली. पुन्हा "अजून", पुन्हा "बस". मग आमची लय लागली. ऊन शेडच्या पत्र्यावर तापत होतं, आईच्या चिंचोक्यांचा आवाज येत होता, रस्त्याने रायगडाकडे जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी डोकं चालवत नव्हतो. अजून. बस. अजून. अजून. बस. दीक्षाचा हात बसला म्हणायचा, असं मनात येऊन गेलं, कारण मधली थट्टा थांबली होती आणि काम पटापट होत होतं.

मग "अजून" आलं आणि हँडल जड झालं.

प्लग नसताना इंजिन जड व्हायला नको. लोखंड अडलं की टक्क करून अडतं. हे तसं नव्हतं. मऊ होतं. फुगलेल्या पिशवीवर हात दाबावा तसं. "अजून." मी जोर लावला. ते हळूच मागे सरलं आणि भोकांतून हवा आली. त्या खेपेला फुसफुसली नाही. सावकाश आली. बॉनेटच्या फटीतून माझ्या कपाळाला लागली, कोमट.

"अजून."

"काका, चहा."

आवाज पाठीमागून आला. दीक्षा दोन कप घेऊन घराच्या दारातून येत होती. तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं.

"तू केव्हा गेलीस?"

"मघाशीच. आजीने घावनं घालायला बोलावलं. मी ओरडून सांगितलं की तुम्हाला. तुम्ही 'हं' म्हणालात."

मी हँडल सोडलं आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे कोणी नव्हतं. पाना आणि पट्टी मडगार्डवर शेजारी शेजारी ठेवलेली होती.

३

दीक्षाने चहा संपवून फटी तपासल्या. एकेक करत तिच्या भुवया वर गेल्या.

"काका, हे तुम्ही लावलंत? एकट्याने? म्हणजे हँडल मारायचं, पळत इकडे यायचं, स्क्रू फिरवायचा, पळत तिकडे जायचं?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बरोब्बर लागलेत. फक्त चौथ्याचा शेवटचा राहिलाय. याच्यात पट्टी काय, चमचा जाईल."

तिने तो लावला, मी हँडल मारलं. तेव्हा "अजून" आणि "बस" दोन्ही तिचेच होते. मी दर वेळी वाकून गाडीखालून तिच्या चपला बघत होतो.

मी विचार करायला बसलो. तेच तर माझं काम. ऊन होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, कानात शब्दांची लय बसली होती. राजेंद्रबरोबरची इतकी वर्षं त्याच जागी उकिडवा बसलो होतो. ऐकावंसं वाटलं ते ऐकलं असेन. हे स्पष्टीकरण चांगलं होतं, पण त्यात एक खोट होती. राजेंद्र तरुणपणी मुंबईच्या गॅरेजात शिकला होता. तो "बस" कधीच म्हणायचा नाही, "रुक" म्हणायचा. ऐकावंसं वाटलंच असतं तर मी "रुक" ऐकलं असतं.

मग तो आवाज कोणाचा होता, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येईना. "अजून" आणि "बस" हे शब्दच इतके आखूड की त्यांत माणूस मावत नाही.

आणि लावलेल्या फटी? त्या कोणी लावल्या? तो विचार बाजूला ठेवला.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. आईने टाळ्या वाजवल्या. राजेंद्रचा मित्र श्रीपत शेतावरून तसाच चिखलाच्या पायांनी आला. तो पूर्वी वरंधच्या घाटात वडापची, सीटा भरून नेणारी जीप चालवायचा आणि इंजिनाची नाडी आपल्यालाच कळते असं त्याचं मत आहे. त्याने डोळे मिटून कान दिला.

"झकास. फक्त चवथ्याला उचकी लागलीय."

खरंच टकटक येत होती. दीक्षाने फट पुन्हा लावली, नट आवळला. सकाळी ती पुन्हा सैल. पुन्हा लावली. नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी रेघ जागच्या जागी होती आणि फट चमचा जाईल एवढी.

"आटे गेलं असतील," संध्याकाळी पुन्हा आलेला श्रीपत म्हणाला.

"नवा स्क्रू आहे."

"मंग नवंच गेलं असतील. आताच्या मालाला काय अर्थ हाय? मास्तर, तुमच्या पुस्तकांसारखं. बांधणी झकास, आत सगळं सैल."

आई खळखळून हसली. श्रीपतला तिने आणखी एक घावन वाढलं.

पण दीक्षा हसली नाही. आई आत गेल्यावर ती मला म्हणाली, "काका, या आवाजावर मी आजीला बसवणार नाही. पप्पांचा व्हॉल्व इथेच जळला होता. गांधारीच्या पुलावर बंद पडली तर उन्हात तिला घेऊन मी कुठे जाऊ? उद्या आणखी एक स्क्रू आणते. नाही जमलं तर नाही. आजीला तुम्ही सांगा."

आई आत बाटली घासत होती. चिंच लावून, राख लावून, चकचकीत. तिचं गुणगुणणं बाहेर ऐकू येत होतं.

मला त्या संध्याकाळी एक गोष्ट लख्ख कळली आणि ती कोणालाच सांगण्यासारखी नव्हती. रविवारी शेवटचा शब्द "अजून" होता. त्याला "बस" आलंच नव्हतं. मी मध्येच हँडल सोडून उठलो होतो.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी दीक्षा स्क्रू आणायला महाडला गेली. आई ओट्यावर पडली होती, डोळे मिटलेले पण झोपलेली नाही. मी बॉनेट उघडून पुढे उभं केलं, प्लग काढले. राजेंद्रच्या हातासारखा व्यवस्थितपणा माझ्यात नाही, तरी पाना आणि पट्टी मी पलीकडच्या मडगार्डवर शेजारी शेजारी ठेवली. ठेवताना मला स्वतःचंच हसू आलं. पाहुण्याला पाट मांडावा तसं चाललं होतं.

मग पुढे येऊन उकिडवा बसलो आणि हँडल घातलं.

भरदुपारी गाव किती शांत असतं. कुठेतरी कोंबडी कुरकुरत होती. पत्रा तापून मधूनच टणकन वाजत होता. मी हँडल अर्धं फिरवलं. हवा फुसफुसली. काहीच नाही. आणखी अर्धं. मी मनाशी म्हटलं, मास्तर, उठा आता. कोणी बघितलं तर कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"अजून."

आवाज मोठा नव्हता. पलीकडे वाकलेलं माणूस जितक्या आवाजात बोलेल तितकाच.

मी फिरवलं. डोकं चालवायचं नाही, हात चालवायचा. "अजून." हँडल जड झालं, तसंच मऊ. मी दाबलं. ते आत ओढलं गेलं, थांबलं, आणि कोमट हवा सावकाश बाहेर आली. तिला पेट्रोलचा वास नव्हता. मातीच्या मडक्यात खूप दिवस राहिलेल्या पाण्याचा होता. "अजून." पाना हलल्याचा आवाज आला. पट्टी सरकली. मध्ये थांबायचं नाही हे हातांना माझ्याहून नीट माहीत होतं.

"अजून."

बिजागऱ्यांपाशी फट आहे हे मला ठाऊक होतं. इतका वेळ मी जमिनीकडे बघत होतो. पण हँडल वर आणताना माझी मान आपोआप वर आली आणि डोळा फटीच्या समोर आला.

आत हात होता. इंजिनावर पालथा ठेवलेला, वैद्य नाडी बघताना ठेवतो तसा हलका. व्हॉल्व वर आला की त्याबरोबर बोटं किंचित वर यायची, खाली गेला की खाली. त्या जागी हात घालणाऱ्याची बोटं काळी होतात. दीक्षाच्या नखांतला काळेपणा अजून निघत नव्हता. हा हात स्वच्छ होता. आणि ओला होता. बोटांच्या टोकांवरून पाणी ओघळून तापल्या लोखंडावर पडत होतं आणि त्याची वाफ होत नव्हती. मनगटापलीकडे काय होतं ते बॉनेटच्या कडेने झाकलं होतं. मला थोडंसं डावीकडे झुकता आलं असतं.

मी झुकलो नाही.

"बस."

मी थांबलो. ओट्यावरून आईचा आवाज आला.

"कोनाशी बोलतंस रे धम्मा?"

"मी कुठे बोलतोय?"

"मंग कोन, बस बस करतंय? त्याला पानी तरी विचार."

मी उठून पलीकडे गेलो. पाना आणि पट्टी मडगार्डवर होती. पट्टी ओली होती. मी ती सदऱ्याला पुसली.

दीक्षा आली, तिने फट मोजली, मग नव्या स्क्रूची पुडी तशीच खिशात ठेवली. "आता कशी काय लागली?" तिने विचारलं. मी म्हटलं, तूच लावली होतीस, आज धरून राहिली. दुसऱ्या दिवशीही ती धरून राहिली. त्याच्या पुढच्याही.

५

एकोणीस तारखेला सकाळी निघालो. श्रीपत न बोलावता आला आणि पुढच्या सीटवर बसला. "म्हातारीला वाटेत काय झालं तर इंजनाकडं कोन बघनार? तुम्ही कविता म्हनाल," असं त्याचं म्हणणं. आई मागे उशीवर, मी तिच्या शेजारी. दीक्षाने बापाचा चष्मा लावला होता, जो तिच्या नाकावर राहत नव्हता.

इंजिन असं चाललं होतं की श्रीपतला नाव ठेवायला जागा मिळेना. शेवटी तो म्हणाला, "लईच गप चालतंय. गाडीनं जरा बोलावं." आईने खिडकीची काच खाली करून ओळखीच्या प्रत्येक माणसाला हात केला, आणि अनोळखींनाही. गांधारीच्या पुलावर तिने डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरला. घाबरलीस का विचारलं तर म्हणाली, "नाय रे. राजा हितं हॉर्न वाजवायचा." दीक्षाने हॉर्न वाजवला. पुढे चाललेला म्हशीवाला बाजूला झाला आणि शिव्या देऊ लागला. आम्ही सगळे हसलो.

महाडात निळ्या पताका लागत होत्या, पुस्तकांचे स्टॉल बांधत होते. गर्दी अजून यायची होती. तळ्याजवळ एका भिंतीच्या सावलीत दीक्षाने गाडी उभी केली आणि किल्ली काढली.

"चला आजी. आलो."

तिने आईला उतरवलं. श्रीपतने दुसरा हात धरला. आईने पांढऱ्या लुगड्याचा पदर सारखा केला, बाटली छातीशी धरली आणि दोघांच्या मधून, एकेक पाऊल टाकत, तळ्याकडे निघाली. हेच व्हायला हवं होतं, आणि ते झालं होतं.

मी दार लावलं. तेव्हा ते जाणवलं.

आवाज असा नव्हता. मी बॉनेटवर तळवा ठेवला. आत इंजिन फिरत होतं.

जुनी इंजिनं तापली की किल्ली काढल्यावरही क्षणभर धडधडतात, हे मला ठाऊक आहे. पण ही धडधड नव्हती. इंजिन स्वतःच्या जोराने चाललंच नव्हतं. ते कोणीतरी हाताने फिरवावं तसं फिरत होतं. अर्धा वेढा. थांबणं. अर्धा वेढा. मी वाकून पुढे पाहिलं. बंपरचं भोक रिकामं होतं, हँडल डिकीत होतं.

अर्धा वेढा. थांबणं.

घाई नव्हती. कुरकुर नव्हती. ज्याला डोकं चालवायचं नाही असं कोणी सांगितलेलं आहे, तो जसा फिरवेल तसं. आता बॉनेटच्या या बाजूला मी होतो. सांगायचं काम माझं होतं. एकच आखूड शब्द, तो मी उच्चारला की तिकडचा हात थांबणार होता, कायमचा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पुढे आई होती, दीक्षा होती. संध्याकाळी याच गाडीतून त्यांना घरी न्यायचं होतं. शहाण्या माणसाने तो शब्द तत्काळ उच्चारला असता.

तो राजेंद्र नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगेन. राजेंद्रचा हात मी ओळखतो.

अर्धा वेढा.

"येतंस ना रे?" पायऱ्यांवरून आईने हाक मारली. तिने बाटलीचं झाकण उघडलं होतं.

"आलो," मी म्हणालो. 'बस' हा शब्द ओठांवर आला होता, पण आईला इथवर आणणाऱ्या त्या हाताला तो सांगवेना. मी तो गिळला, बॉनेटवरचा तळवा हळूच उचलला आणि तिला धरायला गेलो.